दुसऱ्यांदा उजळलेले बोल्ट

त्याला सगळे चकचक म्हणायचे. आईबापानं ठेवलेलं नाव होतं, नाही असं नाही, पण ते दवाखान्यात नंबर आल्यावर तेवढं ऐकू यायचं. एरवी कामावर चकचक, गल्लीत चकचक, आणि रागावली की बायकोच्या तोंडीही तेच.

काम लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवायचं. पत्र्याच्या लांब शेडमध्ये ओळीनं टाक्या. पहिल्या टाकीत तेल-ओशट निघायचं, दुसरीत तेजाब म्हणजे ॲसिड, मग पाणी, मग विजेची तार सोडलेली जस्ताची टाकी, आणि शेवटी रंगाचं पाणी. या टोकाला काळं, तेलकट, तोंड पाडून बसलेलं लोखंड आत जायचं आणि त्या टोकाला चांदीसारखं होऊन बाहेर यायचं. मधे चकचक उभा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोटांची टोकं सुकलेल्या चुन्यासारखी पांढरी. त्याच्याकडे एकही सदरा असा नव्हता ज्याला तेजाबानं भोक पाडलेलं नाही. बायको म्हणायची, "ठिगळं लावून लावून मूळ कापड कुठलं तेच आठवत नाही."

घरात मात्र गंजायची कशाची टाप नव्हती. कडी, कोयंडा, बिजागरी, खिडकीचे गज, पक्कड, बादलीची कडी, सगळं तो पिशवीत घालून शेडमध्ये न्यायचा आणि उजळून आणायचा. एकदा बायकोनं चूल पेटवता पेटवता विचारलं होतं, "माझं नशीब तेवढं राहिलंय, तेही एकदा बुडवून आणता का?" तो म्हणाला, "आण काढून, बघतो." दोघंही हसली नाहीत. त्यांच्यात विनोद असेच व्हायचे.

चकचकचं सगळं आयुष्य चकाकीवर उभं होतं. कुठल्या मालाला किती मुलामा बसला ते यंत्रानं मोजतात, पण चकाकी मोजायचं यंत्र त्याचा डोळा. डाग दिसला की त्याला घास जायचा नाही. दुसरं म्हणजे, तो वीटभट्टीवर वाढलेला. बाप विटा भाजायचा, आई थापायची, आणि हा पोरगा भट्टीच्या उबेला निजायचा. तिथं तो एक गोष्ट शिकला आणि ती जन्मभर धरून बसला. कच्ची वीट पाण्यात टाकली तर तिचा चिखल होतो. भाजलेली वीट पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहिली तरी वीटच राहते. आग एकदाच लागते. तेवढी लागली की संपलं.

त्याला एकच मुलगी. तिचा नवरा हॉइस्ट बसवणारा फिटर. हॉइस्ट म्हणजे कारखान्यात छताखालच्या लोखंडी तुळईवरून जड माल उचलून इकडचा तिकडे नेणारं यंत्र. जावई अंगानं दांडगा, पंजा परातीएवढा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला, हात धुऊन नळ बंद करायला गेला आणि नळ हातात घेऊनच बाहेर आला. चकचक म्हणाला, "जावईबापू, राहायला आलात का घर पाडायला?" जावई लाजला. "मामा, तो आधीच सैल होता." "हो, तुम्ही हात लावल्यावर झाला." तेव्हापासून जावयाचा जड हात हा घरात बोलायचा विषय झाला. तो कपाट उघडायला उठला की सासू म्हणायची, "थांबा, मी उघडते."

पुढचं सगळं झालं ते त्या जड हातावरून, आणि चकचकच्या डोळ्यावरून.

शेडमध्ये एकदा बोल्टांचा एक माल आला. साधे बोल्ट नव्हेत, कडक पोलादाचे. असे बोल्ट आकारानं लहान असतात पण वजन मोठं पेलतात. शेड मालकीणबाईंची होती. वडिलांच्या मागं त्यांनीच ती चालवली, आणि त्या वजनकाट्याशेजारच्या खुर्चीतून सगळ्या शेडवर नजर ठेवायच्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "कडक माल आहे. जस्त चढलं की लगेच भट्टीत. मग रंग."

चकचकनं तसंच केलं. जस्त चढवलं, माल निथळला, विजेच्या भट्टीत घातला, पुरा वेळ ठेवला. बाहेर काढून रंगाच्या पाण्यात बुडवला, आणि त्याचं तोंड कडू झालं. भट्टीतून आलेल्या जस्तावर रंग सारखा धरलाच नाही. कुठे पिवळट, कुठे पांढरे चट्टे. गजकर्ण झाल्यासारखे दिसत होते बोल्ट.

पॅकिंगला एक बाई होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "जाऊ द्या की. यंत्राच्या आतल्या बोल्टाचं तोंड कोण बघतंय? नवरी आहे का ती?"

"माझ्या टाकीतून असं तोंड घेऊन काही बाहेर जायचं नाही."

"मालकीणबाईंना विचारा तरी."

"त्यात विचारायचं काय?"

त्यानं सगळा माल परत तेजाबात लोटला. जस्त फसफसून निघालं, टाकीवर फेस आला, बुडबुडे वर वर येत राहिले. चट्ट्याचा लवलेश राहू नये म्हणून त्यानं माल नेहमीपेक्षा जास्त वेळ आत ठेवला. मग धुतला, दुसऱ्यांदा जस्त चढवलं, आणि थेट रंगाच्या पाण्यात. या वेळी रंग असा उतरला की पॅकिंगवालीनं एका बोल्टाच्या माथ्यात बघून केस सारखे केले.

"आणि भट्टी?" तिनं विचारलं.

"भाजून झालेत ना मघाशी. भाजलेली वीट परत कच्ची होते होय?"

तिला विटांमधलं काय कळणार. तिनं खोकी बंद केली. चकचकनं आपल्या सवयीप्रमाणे त्यातले चार बोल्ट खिशात टाकले. चांगला उतरलेला माल घरी फळीवर मांडून ठेवायची त्याला हौस होती. लोक फळीवर कपबशा मांडतात, हा बोल्ट मांडायचा.

पुढं सुट्ट्या आल्या, गेल्या. आणि एके दिवशी, कामाच्या वेळेला, मुलगी आणि जावई दारात उभे. जावयाच्या हातात डबा नाही, अंगावर कामाचे कपडे नाहीत.

"काय हो, आज कारखाना बंद?" सासूनं विचारलं.

मुलगीच बोलली. "यांना घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत."

झालं होतं असं. नव्या हॉइस्टचे बोल्ट जावयानं सुट्टीच्या आदल्या दिवशी आवळले होते. सुट्टी संपून लोक कामावर आले तर जमिनीवर बोल्टांची दोन डोकी पडलेली. नुसती डोकी. दांडे वर भोकात तसेच अडकलेले. यंत्र बंद होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता, वजन टांगलं नव्हतं. उभ्या उभ्या डोकी गळून पडली होती. फोरमन म्हणाला, याचा हात जड, यानंच नको तितकं आवळलं.

चकचक दुपारचा घरी येऊन जेवत होता. घास गिळून म्हणाला, "मग फोरमन काही खोटं बोलला का? आमच्या नळाला विचारा."

जावयानं मान वर केली नाही. मुलगी म्हणाली, "बाबा."

"अगं, मी फक्त..."

"मामा," जावई म्हणाला, "मापाचा पाना होता. ठरल्या जोरावर टक्‌ वाजतो. वाजला की मी हात काढला. आणि हे बघा." त्यानं खिशातून तुटकं डोकं काढून ताटाशेजारी ठेवलं. "जास्त आवळला असता तर आधी मान लांबली असती, बारीक झाली असती. ही बघा कशी तुटलीय. बिस्किटासारखी."

चकचकनं तुटलेली बाजू बघितलीच नाही. तो वरची बाजू बघत होता. निळसर चकाकी, कडेला जांभळी पुसट झाक. जुळ्या पोरांतलं आपलं कुठलं ते आईला लांबून कळतं, तसं त्याला कळलं. हा त्याच्याच टाकीतला माल होता.

"प्लेटिंगनं काही बोल्ट तुटत नसतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

जावई म्हणाला, "फोरमननं त्याच खोक्यातले दुसरे दोन लावले आणि हॉइस्ट चालू केला. खाली माणसं काम करतात, मामा. मी सांगून बघितलं. म्हणाला, तू घरी जा."

संध्याकाळी चकचकनं फळीवरच्या चारातले तीन बोल्ट उतरवले. परसात एक जुना वाइस, लोखंड घट्ट धरायचा शिकंजा, होता, त्यात लोखंडाची जाड पट्टी धरली. पट्टीला भोकं होतीच. जावई मदतीला उठला तर म्हणाला, "तुम्ही हात लावू नका. मीच आवळतो." त्याला सिद्ध करायचं होतं की हलक्या हातानं आवळलेला हा बोल्ट तुटत नाही. म्हणजे दोष हाताचा, मालाचा नव्हे. लांब दांड्याचा पाना घेऊन त्यानं तिन्ही बोल्ट आवळले. माणूस तेजाबानं वाळलेला, दंडावर मूठभर मांस नाही, शेवटच्या फेऱ्याला धापा टाकायला लागला.

"म्हातारपणी कसली पैलवानकी," बायको दारातून म्हणाली.

"गप बस. कळेल उद्या."

आणि कळलं. सकाळी सगळे चहाला बसले होते. परसातून टणकन्‌ आवाज आला आणि काहीतरी पत्र्यावर आदळून घरंगळत गेलं.

"कुणी दगड मारला का?" सासू उठली.

जावई आधी पोचला. वाइसमधल्या पट्टीवर एक दांडा बिनडोक्याचा उभा होता. डोकं बादलीमागं सापडलं, चांदीसारखं चमकत होतं. ते आत आणून त्यानं चकचकच्या पुढ्यात ठेवलं. चहा संपायच्या आत दुसरा आवाज झाला. या वेळी कुणी बघायला गेलं नाही.

हात कोणाचा होता, मामा, असं जावई विचारू शकला असता. विचारलं असतं तर चकचकला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण जावयानं कपबशी उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली, आवाज न करता.

चकचकनं सदरा घातला, दोन्ही डोकी आणि पट्टी पिशवीत टाकली.

"जेवायला येणार ना?" बायकोनं विचारलं.

"माहीत नाही."

मालकीणबाईंसमोर त्यानं पिशवी काट्यावर ओतली. सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"भट्टी लावली होती ना?"

"लावली होती."

"मग?"

"मग रंग धरेना. म्हणून परत तेजाबात टाकून सोलला, परत चढवला."

"आणि परत भट्टी?"

त्यानं काट्यावरची दोन्ही डोकी एकमेकांशेजारी सरळ लावली. त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, माझे वडील घसा फोडून सांगायचे. कडक माल जितक्या वेळा टाकीतून निघेल तितक्या वेळा भट्टी. का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण करायचे."

"मला वाटलं, एकदा भाजला की भाजला."

"लोखंड आहे ते, वीट नाही." त्या उठून येरझारा घालायला लागल्या. "आता तिथं जाऊन बोललात तर आपलं गिऱ्हाईक जाणार. कळतंय?"

"कळतंय."

"तुमचं कामही जाऊ शकतं."

"तेही कळतंय. नाही बोललो तर पोरीच्या नवऱ्याचं गेलं. आणि तो हॉइस्ट सुरू आहे, बाई. खाली माणसं आहेत."

मालकीणबाईंनी खोक्यावरची गाडीची चावी उचलली. "चला. मीही येते. एकटे गेलात तर काहीतरी भलतंच बोलाल."

हॉइस्टच्या कारखान्यात त्यांना पहिल्यांदा फोरमनच भेटला. चकचकनं तोंड उघडलं, की दोष जावयाच्या हाताचा नाही, माझी चूक आहे, तर फोरमन हसला. "वा. सासरा आला जावयाची वकिली करायला." बाजूची दोन माणसंही हसली. कुणीतरी म्हणालं, "सासरा असावा तर असा, पोराचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय." ही गोष्ट चकचकच्या मनातच आली नव्हती. खरं बोलायला धीर लागतो एवढं त्यानं ऐकलं होतं. खरं बोललेलं कुणाला खरं वाटणार नाही, ही तयारी करून तो आला नव्हता.

"पोरीची शपथ घेऊन सांगतो," तो म्हणाला, आणि लोक आणखीच हसले.

मालकीणबाई पुढं सरल्या. "तुमच्याकडे माल तपासणारं कुणी असेल ना? त्यांना बोलवा. आणि तोवर ते यंत्र थांबवा."

"यंत्र थांबवायला तुम्ही कोण?"

"ज्या शेडमधून ते बोल्ट आले तिची मालकीण."

तपासणीच्या बाई आल्या. तरुण होत्या, गळ्यात दोरीला भिंग लटकलेलं. त्यांनी आधी यंत्र थांबवायला लावलं, मग तुटकी डोकी एक एक करून भिंगाखाली धरली. "मला पहिल्याच दिवशी शंका होती," त्या फोरमनला म्हणाल्या. "मी लिहूनही दिलं होतं, वाचलं नसेल तुम्ही." मग चकचककडे वळल्या. "काका, हा माल तेजाबात किती वेळा गेला? खरं सांगा."

त्यानं सांगितलं. गजकर्णासारखे चट्टे, पॅकिंगवालीचं बोलणं, फेस, माल जास्त वेळ ठेवला ते, विटेचं ते. बाईंनी भिंग गळ्यात सोडलं.

"तेजाबात बुडबुडे येतात ना," त्या म्हणाल्या, "तो वायू असतो, हायड्रोजन. बराचसा वर निघून जातो, पण थोडा लोखंडात शिरतो. मुलामा चढवतानाही शिरतो, आणि वरून जस्ताचं झाकण बसलं की आतच कोंडतो. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही होत नाही. कडक पोलादाला होतं. बोल्ट आवळला, ताण बसला, की तो आतल्या आत ताणाच्या जागी गोळा होतो आणि हळूहळू तडा वाढवत नेतो. भट्टी त्याला बाहेर काढण्यासाठी असते, भाजण्यासाठी नाही. तुम्ही तो काढला होता, काका. आणि परत भरला."

चकचकनं मान हलवली. आयुष्यभर ते बुडबुडे बघत उभा राहिलेला माणूस. ते जातात कुठं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"हे सगळं ठीक," फोरमन म्हणाला, "पण वरचे चार तर शाबूत आहेत. नवे दोन मी स्वतः आवळले. माझा हात काही जड नाही."

"मग तुम्हीच सोडवून बघा," बाई म्हणाल्या. "सांभाळून. तुमचं डोकं बाजूला ठेवा."

फोरमन शिडी चढला. आपण आवळलेल्या पहिल्या बोल्टाला त्यानं पाना लावला, आणि जोर लावायच्या आधीच बोल्टाचं डोकं पान्यासकट हातात आलं. तडा अर्ध्याहून पुढं गेला होता, एवढासा धक्का त्याला पुरला. फोरमन शिडीवरच थांबला. खाली बघितलं. बरोबर त्याच्या पायाखाली, मालाच्या ढिगाशेजारी, वेल्डिंगवाला मघापर्यंत बसून काम करत होता, त्याचं स्टूल अजून तिथंच होतं.

कुणी हसलं नाही.

उरलेले बोल्ट जावयाला बोलावून त्याच्याकडून काढून घेतले. तो आला तेव्हा चकचक कोपऱ्यात उभा होता. जावयानं त्याच्याकडे बघितलं आणि शिडी चढला. एक एक बोल्ट सोडवून खाली देत गेला, आणि खाली घ्यायला नेमका चकचकच उभा राहिला, कारण दुसरं कुणी पुढं झालं नाही. बोल्ट हातात येताना त्याला त्याची चकाकी दिसत होती. अजूनही सुंदर होती. हेच त्याला सहन होईना. डाग पडला असता, काळवंडली असती, तर राग तरी धरता आला असता.

"मामा, जपून," जावई वरून म्हणाला. "तुटका आहे, बोट कापेल."

"कापू दे."

"आता तुम्हाला दवाखान्यात नेत बसू का मी?"

काम संपल्यावर फोरमन जावयाजवळ आला, म्हणाला, "उद्यापासून ये," आणि निघून गेला. माणसाला घरी बसवायला चौकशी लागते, परत घ्यायला मान हलवली तरी भागतं. माफी मागायची पद्धत तिथं नव्हती, आणि जावई तिची वाटही बघत नव्हता.

दोघं फाटकाबाहेर पडले. मालकीणबाई आधीच निघून गेल्या होत्या, जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्या या. बोलू." ते बोलणं काय असेल ते चकचकला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. जावई दोन पावलं पुढं चालत होता. मग पुढच्या वळणावर थांबला.

"मामा, तुमचं काय आता?"

"माझं काय. ठेवतील नाहीतर काढतील."

"काढलं तर?"

"तर घरी बसेन. तुमच्या सासूला तोंड द्यायला पूर्णवेळ माणूस पाहिजेच आहे."

जावई हसला नाही, पण चालायला लागला तेव्हा बरोबरीनं चालायला लागला. थोडं अंतर गेल्यावर चकचक म्हणाला, "काल मी जेवताना जे बोललो..."

"राहू द्या."

"नाही. फोरमन परका माणूस. त्याचं सोडा. पण मी घरचा, मला तरी आधी तुटलेली बाजू बघायला पाहिजे होती. मी वरचीच बघत बसलो."

रस्ता ओलांडायचा होता, गाड्या वेगात येत होत्या. जावयानं सासऱ्याचा दंड धरला आणि मोकळी जागा मिळेपर्यंत धरून ठेवला. पलीकडं पोचल्यावर सोडायला विसरला, आणि चकचकनंही आठवण करून दिली नाही.